बायोस्टॅटिस्टिक्समध्ये करिअर: मुंबईतल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे

हार्बरवाली | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. लेक टीवायबीएस्सीला आहे, विषय स्टॅटिस्टिक्स. पुढे बायोस्टॅटिस्टिक्समध्येच, म्हणजे आरोग्य आणि औषधांच्या संख्याशास्त्रातच, एमएस्सी करायची असे तिने ठरवले आहे. गेल्या वर्षी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे, म्हणजे एनएफएचएसचे, जिल्हावार आकडे घेऊन तिने मुलांच्या लसीकरणावर काम केले. तेव्हापासून डोक्यात दुसरे काही नाही. आम्ही चेंबूरला राहतो. हे सर्वेक्षण ज्या संस्थेतून होते ती आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, हेही मला तिच्यामुळेच कळले.

घरात मात्र एकमत नाही. दीर विमा कंपनीत आहेत, ते म्हणतात विम्याची जोखीम मोजणाऱ्या अ‍ॅक्च्युअरीच्या परीक्षा दे. भाऊ म्हणतो डेटा सायन्स कर, सगळीकडे चालते. मी बँकेत काम करते, या क्षेत्राची मला काहीच माहिती नाही. म्हणून विचारते. हे लोक दिवसभर नेमके काय करतात? मुंबईत राहून चांगले शिक्षण मिळेल का? नोकऱ्या इथे आहेत की बंगळूर-हैदराबादला जावेच लागते? घरात कोणी डॉक्टर नाही, बायोलॉजी दहावीनंतर सुटले, त्याने अडेल का? आणि एआय आल्यावर हे काम उरेल का, ही भीती आहेच.

जे या कामात आहेत त्यांनी मोकळेपणाने लिहावे. वाईट असेल तर तेही लिहा.

वडाची_पारंबी | शनिवार, रात्री ९.३२

दिरांचे ऐका असे मी म्हणेन. अ‍ॅक्च्युअरीच्या परीक्षा नोकरी करता करता देता येतात, आणि प्रत्येक पेपर सुटला की बाजारात किंमत वाढते. बायोस्टॅटचे ऐकून आहे, पण ओळखीत कोणी नाही.

काळाचौकी | शनिवार, रात्री ९.४०

वाचतोय. मुलगा अकरावीत आहे, त्यालाही दाखवीन.

नमुना_निवड | शनिवार, रात्री ११.०५

ताई, मी ठाण्यात एका सीआरओमध्ये बायोस्टॅटिस्टिशियन आहे. सीआरओ म्हणजे औषध कंपन्यांना क्लिनिकल ट्रायलचे, म्हणजे माणसांवर औषध तपासून बघण्याचे, काम करून देणारी संस्था. आधी एक गोष्ट सांगतो, कारण बहुतेक मुलांचा तिथेच गोंधळ होतो. या क्षेत्रात फ्रेशरसाठी ज्या जाहिराती येतात त्यातल्या पुष्कळशा स्टॅटिस्टिकल प्रोग्रामरच्या असतात. बायोस्टॅटिस्टिशियनच्या जागा वेगळ्या आणि कमी.

प्रोग्रामरचे काम डेटा यायला लागला की सुरू होते. हॉस्पिटलांतून आलेला कच्चा डेटा ठरलेल्या साच्यात बसवायचा, त्याला एसडीटीएम म्हणतात. त्यावरून विश्लेषणासाठीचे डेटासेट तयार करायचे, ते अ‍ॅडॅम. मग त्यातून टेबल, लिस्टिंग आणि आलेख काढायचे. अमेरिकेच्या एफडीएने १७ डिसेंबर २०१६ नंतर सुरू झालेल्या अभ्यासांसाठी हे साचे सक्तीचे केले, त्यामुळे हे काम प्रचंड वाढले. महत्त्वाचे टेबल दोन माणसे एकमेकांचा कोड न बघता लिहितात आणि दोघांचे आकडे तंतोतंत जुळावे लागतात. भाषा मुख्यतः सॅस, आता आर सुद्धा वाढते आहे. हे कौशल्याचे, जबाबदारीचे काम आहे. त्याला कमी लेखू नका.

बायोस्टॅटिस्टिशियन त्याच्या खूप आधी कामाला लागतो. किती रुग्ण घ्यायचे, कोणाला कुठले औषध हे लॉटने कसे ठरवायचे, मुख्य निष्कर्ष कशावर मोजायचा, मधेच सोडून गेलेल्या रुग्णांचे काय करायचे. हे सगळे डेटा उघडण्याआधी, कागदावर, सही करून. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण समजा औषधाचा त्रास झाला म्हणूनच काही रुग्ण सोडून गेले. उरलेल्यांचीच सरासरी काढली तर औषध आहे त्यापेक्षा चांगले दिसणार. त्या गेलेल्या माणसांचा हिशेब ठेवणे हे आमचे काम. मला ते मनापासून आवडते.

डॉक्टरकीची पार्श्वभूमी लागत नाही. पण ज्या आजाराची ट्रायल असेल त्याचा अभ्यास दरवेळी नव्याने करावा लागतो. ज्याला ते वाचायचा कंटाळा त्याने इकडे येऊ नये.

घरोघरी | रविवार, सकाळी ८.१५

हार्बरवालीताई, तुमच्या घराजवळची संस्था म्हणजे आयआयपीएस (इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस), देवनारची. गोवंडी स्टेशनवरून चालत जाता येते. १९५६ साली लोकसंख्याशास्त्राचे प्रशिक्षण केंद्र म्हणून सुरू झाली. तिथे बायोस्टॅटिस्टिक्स अँड डेमोग्राफी असा दोन वर्षांचा एमएस्सी आहे. मी तिथलाच विद्यार्थी.

तिथे जे शिकायला मिळते ते सीआरओच्या कामापेक्षा वेगळे आहे. डेमोग्राफीमुळे जन्म, मृत्यू, आयुर्मान, स्थलांतर यांची गणिते पक्की होतात आणि मोठ्या सर्वेक्षणाचे आतडेकोथळे कळतात. एनएफएचएसची पहिली फेरी १९९२-९३ ची, पाचवी २०१९-२१ ची. देशाचा प्रजनन दर २.० वर आला हा आकडा पाचव्या फेरीतला, महाराष्ट्राचा १.७. पेपरात तो एका ओळीत येतो. पण त्यामागे गावांची निवड, घरांची यादी, प्रश्न विचारणाऱ्या मुलींचे प्रशिक्षण, प्रत्येक घराला द्यायचे वजन (ते घर किती घरांच्या वतीने मोजायचे तो आकडा), असे किती थर आहेत! वजने न लावता एनएफएचएसचा डेटा चालवणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष चक्क उलटे आलेले पाहिले आहेत.

मुलीला आणखी एक उदाहरण द्या. पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय निघाला. त्यावर तज्ज्ञांमध्ये वाद झाला, कारण रक्त बोट टोचून घेतलेले असते, आणि शिरेतून घेतलेल्या रक्ताशी त्याचे आकडे जुळतातच असे नाही. आता प्रश्न असा की देशातल्या किती बायका खरोखर रक्तक्षयी आहेत आणि किती मोजण्याच्या पद्धतीमुळे तशा दिसतात. लोहाच्या गोळ्यांचा अख्खा कार्यक्रम या उत्तरावर उभा आहे. डेटा सायन्सवाला भाऊ मॉडेल बांधेल. पण रक्त कुठून काढले हे आधी विचारायची सवय लागते ती इथे.

माझ्या बॅचचे लोक संशोधन संस्था, सरकारी आरोग्य प्रकल्प, सर्वेक्षण करणाऱ्या संस्था आणि काही फार्मामध्ये आहेत. प्रकल्पावरच्या नोकऱ्या कंत्राटी असतात, प्रकल्प संपला की पुन्हा शोध. हे माहीत असूनच या वाटेने जावे.

इराणी_चहा | रविवार, सकाळी ९.०२

अवांतर: गोवंडी स्टेशनवरून चालत जाता येते हे खरे, पण पावसाळ्यात रिक्षाच करा. चेंबूरहून थेट रिक्षा सर्वांत बरी. संध्याकाळी परतताना हार्बरला पनवेलहून भरून आलेली गाडी मिळते, एकच स्टेशन तर आहे.

परळची_डॉक्टर | रविवार, सकाळी १०.३०

मी महापालिकेच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. बायोस्टॅटिस्टिशियनची गरज किती आहे हे माझ्याइतके कोणाला माहीत नसेल.

आमच्याकडे प्रत्येक एमडी, एमएसच्या विद्यार्थ्याला थिसिस करावा लागतो. सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, एथिक्स कमिटीपुढे जाते तेव्हा सॅम्पल साइझ, म्हणजे किती रुग्ण घेणार तो आकडा, लिहावा लागतो, आणि तो पुष्कळदा मागच्या बॅचच्या थिसिसमधून उचललेला असतो. मग दोन-अडीच वर्षे रेसिडेंट ड्युटी सांभाळून बिचारा केसेस गोळा करतो, मास्टर चार्ट बनवतो आणि जमा करायच्या आधल्या आठवड्यात स्टॅटिस्टिशियनला शोधत फिरतो. पानात वाढलेल्या भाजीला फोडणी कशी देणार? तुलनेसाठी गटच घेतलेला नसतो, वजन काही रुग्णांचे लिहिलेले असते, काहींचे नसते. तिथे पी व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) काढून काय उपयोग!

मी विद्यार्थ्यांना पहिल्या महिन्यातच कम्युनिटी मेडिसिन विभागातल्या स्टॅटिस्टिशियनकडे पाठवते. आमच्याकडच्या मॅडम त्यांना एकच प्रश्न विचारतात, तुझ्या अभ्यासाचे उत्तर 'नाही' आले तर तू ते मान्य करशील का? त्यावर मुले गप्प होतात आणि मग खरी चर्चा सुरू होते. अशा मॅडम अजून हव्यात. तुमच्या लेकीने या वाटेचाही विचार करावा. पगार कंपनीइतका नाही, पण रुग्णाच्या इतक्या जवळ राहून हे काम करायला दुसरीकडे मिळत नाही.

जुनी_लोकल | रविवार, दुपारी १२.२०

सगळे गोडगोड लिहीत आहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी एमएस्सी स्टॅट करून एका सीआरओमध्ये प्रोग्रामर म्हणून लागलो. आता बीकेसीत एका बँकेच्या रिस्क विभागात आहे आणि परत जाणार नाही.

कारण सांगतो. पहिली काही वर्षे मी तीच ती टेबले केली. दुष्परिणामांचे टेबल, रक्त तपासणीचे टेबल, रुग्णांच्या वयाचे टेबल. औषध बदलायचे, टेबल तेच. ट्रायलचा आराखडा परदेशातल्या ऑफिसात ठरायचा, आमच्यापर्यंत त्याची कारणे पोचायचीच नाहीत. डेटाबेस लॉक झाला, म्हणजे डेटा अंतिम करून बंद केला, की रात्री उशिरापर्यंत अमेरिकेच्या वेळेत कॉल. मी जे शिकलो होतो, इन्फरन्स, मल्टिव्हेरिएट, त्यातले काहीही वापरले नाही. नमुना_निवड म्हणतात तसे काम असते हे मान्य, पण तिथपर्यंत पोचणारे थोडे. मुलीला हे आधी माहीत असावे एवढेच म्हणणे आहे.

वडाची_पारंबी | रविवार, दुपारी १२.२८

+१. प्रामाणिक प्रतिसाद.

नमुना_निवड | रविवार, दुपारी १.४५

@जुनी_लोकल, तुमचे बरोबर आहे आणि ते लिहिलेत हे चांगले केलेत. फरक पडतो तो पहिल्या नोकरीत कोणाच्या हाताखाली पडता त्याने. मुलाखतीत उमेदवाराने उलट विचारावे: विश्लेषणाचा आराखडा भारतातल्या टीममध्ये कोण लिहिते? मला त्याचा मसुदा वाचायला मिळेल का? सॅम्पल साइझची चर्चा इथे होते का? उत्तर टाळले तर समजून घ्यावे. माझ्या टीममध्ये नव्या माणसाला आम्ही प्रोटोकॉल अथपासून इतिपर्यंत वाचायला लावतो आणि मगच टेबल देतो. टेबलातला प्रत्येक आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे त्याला सांगता आले पाहिजे.

पुण्याचा विचार घरात चालणार असेल तर तेही लक्षात ठेवा. सायरस मेहता आणि नितीन पटेल यांनी १९८७ मध्ये स्थापन केलेल्या सायटेलचे पुण्यात मोठे काम आहे. मेहता आयआयटी मुंबईचे. ट्रायल मधेच थांबवायची की चालू ठेवायची याचे नियम ठरवणारे त्यांचे ईस्ट नावाचे सॉफ्टवेअर जगभर वापरतात. म्हणजे डोके चालवायचे काम भारतात होत नाही असे नाही.

कॅप्सूल | रविवार, दुपारी ३.१०

मुंबईत जेनेरिक औषध कंपन्या इतक्या आहेत, त्यांच्याबद्दल कोणी लिहिलेच नाही म्हणून लिहिते. मी बायोइक्विव्हॅलन्सच्या कामात आहे.

मूळ कंपनीची गोळी आणि आमची स्वस्त गोळी शरीरात सारखीच वागते हे दाखवायचे असते. निरोगी स्वयंसेवकांना एकदा ही, काही दिवसांनी ती गोळी देतात आणि ठरावीक वेळांनी रक्त घेऊन औषधाचे प्रमाण मोजतात. रक्तातली सर्वोच्च पातळी आणि एकूण शोषण, या दोन्हींच्या गुणोत्तराचा ९० टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे अंदाजाच्या दोन टोकांमधला पट्टा, ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसला तरच मंजुरी. नवीन मुले हमखास विचारतात, खाली २० आणि वर २५ का? कारण हिशेब लॉगमध्ये होतो, आणि ०.८ चा व्यस्त १.२५ आहे. कॉलेजात लॉग ट्रान्सफॉर्मेशन केलेले असते ते इथे असे समोर येते.

यात ट्रायल छोट्या आणि लवकर संपणाऱ्या असतात. त्यामुळे नवशिक्याला आराखड्यापासून अहवालापर्यंत सगळे काम एकाच जागी बघायला मिळते. शिकायला फार चांगली जागा आहे असे माझे ठाम मत. शिवाय दवाखान्यात पन्नासात मिळणारी गोळी आणि पाचशेची गोळी सारखीच आहे असे माणसाला छातीठोक सांगता येते, त्याचे समाधान वेगळे.

काळा_फळा | रविवार, संध्याकाळी ६.४०

मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात अनेक वर्षे स्टॅटिस्टिक्स शिकवले, आता निवृत्त. शिक्षणाच्या प्रश्नाकडे वळतो.

बायोस्टॅटिस्टिक्स हे नाव पदवीवर असलेच पाहिजे असे नाही. कालिन्याला मुंबई विद्यापीठाचा स्टॅटिस्टिक्स विभाग आहे. आयआयटी मुंबईत जॅम परीक्षेतून एमएस्सी स्टॅटिस्टिक्सला प्रवेश मिळतो. देवनारचे वर आलेच आहे. मुंबईबाहेर वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज जैवसांख्यिकीसाठी नावाजलेले. माझे मत, पाया भक्कम करणाऱ्या ठिकाणी जावे आणि औषधांचे शब्द नंतर शिकावेत. उलटे सहसा जमत नाही. सॅस कुठलाही माणूस काही महिन्यांत शिकतो. लाइकलिहूड म्हणजे काय हे ज्याला एमएस्सीत कळले नाही त्याला नोकरीत शिकवायला कोणाला वेळ नसतो.

तिने टीवायपासूनच काय पक्के करावे? इन्फरन्स आणि लिनियर मॉडेल्स. मग लॉजिस्टिक रिग्रेशन. त्यानंतर रुग्ण किती काळ जगतात याचे गणित, म्हणजे सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस: कॅप्लान-मायर १९५८ चे, कॉक्सचे मॉडेल १९७२ चे, कॅन्सरच्या कुठल्याही ट्रायलचा निकाल आजही या दोघांच्या आधाराने लिहिला जातो. त्यातली सेन्सॉरिंगची कल्पना नीट समजून घ्यावी. रुग्ण अभ्यास संपेपर्यंत जिवंत होता एवढेच माहीत असेल, तरी ती माहिती फेकून द्यायची नसते. आणि डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्सचा पेपर कंटाळवाणा म्हणून सोडू नये.

आपल्याकडे या विषयाला मोठी परंपरा आहे आणि ती मुलांना कोणी सांगत नाही. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात पीएचडी केली, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे संचालक झाले. भुकेलेली माणसे मोजायची कशी, यावर त्यांनी आयुष्य वेचले.

चिंचपोकळी | रविवार, संध्याकाळी ७.२५

सुखात्मे सरांचे नाव वाचून आनंद झाला. त्यांचा आणि अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांचा वाद माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकला होता. सुखात्म्यांचे म्हणणे होते की एकाच माणसाचे खाणे आणि त्याची गरज रोज बदलते, म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरला तर आकडा फुगतो. दांडेकरांना ते पटले नव्हते. गरिबाचे कमी खाणे त्याच्या शरीराच्या समायोजनात जमा करायचे का, असा त्यांचा आक्षेप. दोघेही महाराष्ट्रातले, दोघेही पुण्याशी जोडलेले, आणि वाद कशावर? देशात किती लोक उपाशी झोपतात यावर. बायोस्टॅटिस्टिक्स म्हणजे कोरडे काम असे ज्यांना वाटते त्यांनी हा वाद वाचावा.

काळा_फळा | रविवार, संध्याकाळी ७.५०

@चिंचपोकळी, वडिलांनी अगदी नेमके सांगितले तुम्हाला. मी स्वतः दांडेकरांच्या बाजूचा. व्यक्तीतला चढउतार खरा आहे, पण मुंबईच्या वस्त्यांतली मुले वर्षानुवर्षे कमीच खात असतील तर तो चढउतार नाही. मात्र सुखात्म्यांनी प्रश्न विचारला नसता तर आपण एका सरासरीवरच थांबलो असतो, हेही तितकेच खरे.

परळची_डॉक्टर | रविवार, रात्री ९.००

परंपरेचा विषय निघालाच आहे तर आमच्या परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचेही लिहिते. १८९७ च्या जानेवारीत प्लेगच्या साथीत डॉ. हाफकिन यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात साथ पोचल्यावर तिथल्या कैद्यांना दिली. लस घेतलेले आणि न घेतलेले कैदी एकाच छताखाली, तेच अन्न, तीच हवा. तुलनेची कल्पना किती स्वच्छ होती! फक्त लस घेणारे आपणहून पुढे आले होते, लॉटने निवडलेले नव्हते. आज मी हे उदाहरण विद्यार्थ्यांना देऊन विचारते की आपणहून पुढे येणारा कैदी आणि न येणारा कैदी यांत आणखी काय फरक असू शकेल.

हार्बरवाली | रविवार, रात्री १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. लेक शेजारी बसून वाचते आहे. भायखळ्याच्या तुरुंगाच्या प्रश्नावर आमची जेवताना चर्चा झाली. ती म्हणते, जे आधीच आजारी वाटत होते ते कदाचित पुढे आले नसतील. तिचे दोन प्रश्न आहेत. एक, मुंबईत झालेल्या, सगळ्यांना माहीत असाव्यात अशा ट्रायल कुठल्या? दुसरा, एआयवर कोणीच लिहिले नाही.

चिंचपोकळी | रविवार, रात्री ११.३०

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, मी कॅन्सर संशोधनात काम करतो. तिचे उत्तर योग्य दिशेचे आहे, तिला सांगा.

टाटा मेमोरियलच्या दोन ट्रायल तिने नक्की वाचाव्यात. तोंडाच्या कॅन्सरची सुरुवातीची अवस्था असेल तर मानेतल्या गाठी आधीच काढायच्या की पुढे दिसल्यावर, हा अनेक दशकांचा वाद होता. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या टीमने लॉटने गट पाडून ते तपासले. ५९६ रुग्ण घेतले होते. पहिल्या ५०० रुग्णांच्या विश्लेषणात तीन वर्षांनी जिवंत राहण्याचे प्रमाण आधी काढणाऱ्या गटात ८० टक्के आणि थांबणाऱ्या गटात ६७.५ टक्के निघाले. डेटावर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीच्या शिफारशीवरून ट्रायल थांबवली. निकाल २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. मधेच किती वेळा डोकावायचे आणि किती फरक दिसला तर थांबायचे हे सांख्यिकीचे काम. उगाच लवकर थांबलो तर योगायोगाला सत्य समजू, उशीर केला तर माणसे जातात.

दुसरी, मुंबईच्या झोपडवस्त्यांमध्ये १९९८ मध्ये सुरू झालेली. वस्त्यांचे २० गट, ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून जास्त स्त्रिया. त्यातल्या निम्म्या गटांत शिकवून तयार केलेल्या स्थानिक आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी करायच्या आणि गर्भाशयमुखाला व्हिनेगर, म्हणजे अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, लावून डोळ्यांनी बघायच्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. ना महागडे यंत्र, ना प्रयोगशाळा.

इथे एक बारकावा आहे. लॉट स्त्रियांचा न काढता वस्त्यांचा काढला होता. एकाच वस्तीतल्या बायका एकमेकींसारख्या असतात, म्हणून दीड लाख स्त्रिया म्हणजे दीड लाख सुट्या नोंदी नव्हेत. एका गटात सुमारे ७५०० स्त्रिया आणि त्यांच्यातले साम्य शून्य ते एक या मापावर समजा अवघे ०.००१ धरले, तरी डिझाइन इफेक्ट, म्हणजे या साम्यामुळे नोंदींचे बळ किती पटीने घटते तो आकडा, १ + ७४९९ × ०.००१ म्हणजे साधारण ८.५ येतो. दीड लाखाचे बळ अठरा हजारांच्या आसपास उतरते. हे गणित तिने स्वतः करून बघावे.

परळची_डॉक्टर | सोमवार, सकाळी ७.४०

@चिंचपोकळी, त्याच ट्रायलमधल्या स्तनाच्या कॅन्सरचा निकालही लिहा ना. २०२१ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला तो. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. आम्ही शिबिरांत सांगतो हे.

चिंचपोकळी | सोमवार, सकाळी ८.५५

मुद्दाम सोडला होता, कारण त्यावर आमच्याकडेही वाद होतात. सगळ्या वयांच्या स्त्रिया मिळून घट १५ टक्के होती आणि ती सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय नव्हती, पी ०.०७. पन्नाशीचा भाग पाडून बघणे हे नंतरचे विश्लेषण. मी तो निकाल फेकून देणार नाही. रजोनिवृत्तीनंतर हाताने गाठ लागणे सोपे जाते, म्हणजे शरीरशास्त्र त्याच्या बाजूने आहे. शिवाय रोग आधीच्या टप्प्यावर सापडला हे स्पष्ट दिसले. पण शिबिरात सांगताना '३० टक्के' एवढेच सांगू नये, असे माझे मत.

परळची_डॉक्टर | सोमवार, सकाळी ९.१०

हे मात्र पटत नाही. वीस वर्षांचा पाठपुरावा पुन्हा कोण करणार आहे? गोवंडीतल्या बाईला मॅमोग्राफी मिळणार नाही. तिच्यासाठी हाच सर्वांत चांगला पुरावा आहे, आणि आकडा ऐकून ती तपासणीला आली तर तिचे भलेच होईल.

चिंचपोकळी | सोमवार, सकाळी ९.३०

डॉक्टर, तपासणीला तिने यावेच, त्याबद्दल दुमत नाही. मी भांडतो ते एवढ्यासाठी की आज आपल्याला आवडलेला तुकडा आपण निवडला, तर उद्या औषध कंपनीने तिला आवडलेला तुकडा निवडल्यावर कुठल्या तोंडाने अडवणार?

जुनी_लोकल | सोमवार, सकाळी १०.०५

ही चर्चा वाचून वाटले, माझ्या पहिल्या नोकरीत असे वाद ऐकायला मिळाले असते तर कदाचित राहिलो असतो.

नमुना_निवड | सोमवार, रात्री ८.२०

एआयबद्दल. टेबलांचा कोड लिहिणे मशीनने बरेच हलके केले आहे आणि आणखी करेल. ठरलेल्या साच्यात डेटा बसवणेसुद्धा. म्हणून केवळ सॅसच्या जोरावर या क्षेत्रात येऊ नये हे मी आज स्पष्टपणे म्हणतो.

पण एक उदाहरण घ्या. मधुमेहाच्या औषधाची ट्रायल आहे. साखर फार वाढली म्हणून काही रुग्णांना मधेच दुसरे औषध द्यावे लागले. त्यांची शेवटची साखर मोजायची का? मोजली तर ती दोन्ही औषधांची मिळून झाली. नाही मोजली तर ज्यांना आपले औषध पुरले नाही तेच गळाले. उत्तर तुमचा प्रश्न काय त्यावर अवलंबून. डॉक्टरला हवे आहे 'या औषधाने सुरुवात केली तर पुढे काय होईल', कंपनीला हवे आहे 'औषधाचा स्वतःचा परिणाम किती'. ट्रायलच्या सांख्यिकीवरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या, म्हणजे आयसीएच ई९ च्या, २०१९ च्या पुरवणीने हेच सांगितले, आधी प्रश्न नेमका लिहा, मग पद्धत निवडा. त्यासाठी डॉक्टर, कंपनी आणि नियामक यांच्यासमोर बसून एकेक शब्द ठरवावा लागतो, आणि खाली सही माणसाची असते. निकाल चुकला तर जबाबदार तोच. हे काम कमी होताना मला दिसत नाही, उलट त्याची मागणी वाढली आहे.

नोकऱ्यांच्या ठिकाणाचे राहिले. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत काम आहे, पण मोठ्या परदेशी कंपन्यांची केंद्रे बंगळूर, हैदराबादकडे जास्त. पहिल्या नोकरीसाठी बाहेर जायची तयारी ठेवली तर पर्याय बरेच वाढतात. आता घरून काम करणारेही पुष्कळ आहेत.

हार्बरवाली | सोमवार, रात्री ९.४५

ते डिझाइन इफेक्टचे गणित तिने करून बघितले आणि साम्य ०.०१ धरले तर काय होते तेही काढले. डिझाइन इफेक्ट पंचाहत्तरच्या वर जातो म्हणून ओरडतच स्वयंपाकघरात आली. दिरांनाही धागा पाठवला आहे. कालिना, देवनार आणि जॅम, तिन्हींची तयारी करायची असे ठरते आहे. काळा_फळा सर, डिझाइनचा पेपर ती खरेच सोडणार होती, आता नाही सोडणार.

पेट्रीडिश | मंगळवार, दुपारी १.१५

धागा उशिरा दिसला. मी मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केले आहे, गणित बारावीपर्यंतच. मला या क्षेत्रात यायचे असेल तर काही वाट आहे का? की दार बंदच?

घरोघरी | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

@पेट्रीडिश, थेट बायोस्टॅटच्या एमएस्सीला बऱ्याच ठिकाणी पदवीला गणित किंवा स्टॅटिस्टिक्स मागतात, त्यामुळे प्रत्येक संस्थेचे माहितीपत्रक नीट वाचा. ते जमले नाही तर पब्लिक हेल्थच्या बाजूने या. देवनारलाच टिसमध्ये, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये, पब्लिक हेल्थचा मास्टर्स आहे, त्यात एपिडेमिऑलॉजी येते. तुम्हाला जंतू माहीत आहेत, हे आमच्यातल्या बहुतेकांना येत नाही. क्षयरोगाच्या प्रकल्पांत प्रयोगशाळेचा अहवाल वाचू शकणारा आणि डेटाही हाताळू शकणारा माणूस शोधून सापडत नाही.

गणिताचे मात्र आजच सुरू करा. कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स बारावीच्या पुस्तकापासून, सोबत आर. तो फुकट आहे. एनएफएचएसचा डेटाही रीतसर नोंदणी करून मागितला तर विनामूल्य मिळतो. आपल्या जिल्ह्याचा एक प्रश्न घेऊन बसा आणि वजने लावायला विसरू नका. अडले तर इथेच विचारा.